सोलापूरची चादर, टॉवेल आणि ‘हँडलूम’ हा शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांपासून पुण्या-मुंबईच्या मैदानांवर भरणाऱ्या प्रदर्शनांपर्यंत ‘हँडलूम’ हा शब्द आता कुठल्याही जाडसर सुती कापडाला चिकटवला जातो. त्यात विणकराचंही नुकसान आहे आणि गिऱ्हाइकाचंही. खालची उत्तरं गिऱ्हाईक, दुकानदार आणि लेबल छापून घेणारे कारखानदार या तिघांसाठी आहेत.

हँडलूम म्हणजे नेमकं काय?

हातमाग. माणसाच्या हातापायांच्या बळावर चालणारा माग आणि त्यावर विणलेलं कापड. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यातली व्याख्या फार आखूड आहे : यंत्रमाग सोडून इतर कोणताही माग तो हातमाग. यंत्रमाग कोणता, हे ठरवायला तो कायदा कारखाने अधिनियमातल्या ‘शक्ती’च्या व्याख्येकडे बोट दाखवतो. तिथे शक्ती म्हणजे वीज, किंवा यंत्राने पोहोचवलेली अशी कोणतीही ऊर्जा जी माणसाच्या वा जनावराच्या अंगबळातून आलेली नाही.

म्हणजे प्रश्न एकच आहे, माग कशावर चालला? धागा सुती की पॉलिस्टर, रंग पक्का की कच्चा, नक्षी साधी की जेकार्डची (म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणाऱ्या यंत्रणेची), कापड जाड की तलम, यातल्या कशाचाही ‘हँडलूम’शी संबंध नाही. पॉलिस्टरचं कापड हातमागावर विणलं तर ते हँडलूमच. आणि शंभर टक्के सुती, सुंदर, टिकाऊ चादर विजेच्या मागावर विणली असेल तर ती हँडलूम नाही.

मग सोलापुरी चादर हँडलूम नाही?

आज बाजारात मिळणारी जवळजवळ प्रत्येक सोलापुरी चादर यंत्रमागावर विणलेली असते. हे वाचून पुष्कळांना धक्का बसतो, पण पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला नुसतं गल्लीतून चाललं तरी कानाला उत्तर मिळतं. तो खडखडाट विजेवरच्या मागांचा आहे.

गोंधळाचं मूळ इतिहासात आहे. तेलंगणातून येऊन इथे स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात हातमागाचा धंदा उभा केला. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, पुढे इतर गिरण्या आल्या. सूत शहरातच मिळू लागलं, विणकर होतेच, बाजारपेठ वाढली. त्याच घरांमध्ये हातमागाच्या जागी हळूहळू यंत्रमाग बसले. विणणारी माणसं तीच, पेठा त्याच, काही नक्ष्यासुद्धा त्याच राहिल्या आणि माग बदलला. जुनं नाव मात्र मालाला चिकटून राहिलं. आजोबांच्या काळी ते खरं होतं, म्हणून नातवाच्या लेबलवर ते खरं ठरत नाही.

चादरीची खासियत तिच्या विणीत आहे. ती दुहेरी विणीची असते : दोन रंगांचे दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या कडेला ते एकमेकांची जागा घेतात. म्हणून पुढच्या बाजूला तांबड्यावर पांढरं फूल असेल, तर मागे पांढऱ्यावर तांबडं दिसतं. कोणत्या जागी कोणता धागा वर उचलायचा हे जेकार्ड ठरवतो, पूर्वी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी, आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने. ही वीण, तिची ऊब आणि वर्षानुवर्षं टिकणं हे सोलापूरचं खरं कसब आहे. ते सांगायला ‘हँडलूम’ शब्दाची गरजच नाही.

जेकार्डची नक्षी आहे म्हणजे हातमाग, असं दुकानदार सांगतात. खरं का?

नाही. जेकार्ड ही धागे उचलणारी यंत्रणा आहे. ती १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आली तेव्हा हातमागावरच बसवली गेली, पुढे यंत्रमागावरही आली. आज दोन्हीकडे वापरतात. जेकार्डवरून माग ओळखता येत नाही.

कापड चांगलं आहे, टिकतं, ऊब देतं. शब्द चुकला तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर आकड्यांत आहे.

साध्या विणीचं कापड धरा, इंचाला ४० आडवे धागे. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, आणि त्याची एक फेरी म्हणजे एक आडवा धागा. साधा धोट्याचा यंत्रमाग मिनिटाला १२० फेऱ्या मारतो असं समजू. आठ तासांची पाळी, त्यात धागा तुटणं, आडव्या धाग्याची कांडी बदलणं यात वीस टक्के वेळ गेला, तरी सुमारे ४६,००० फेऱ्या होतात, म्हणजे साधारण २९ मीटर कापड. शिवाय एक कामगार एकाहून जास्त माग सांभाळतो. हातमागावर चांगला विणकर मिनिटाला ४० फेऱ्या मारेल, पण हातपाय थांबतात, कांडी भरावी लागते, तुटलेला धागा जोडावा लागतो. प्रत्यक्ष विणण्यात साठ टक्के वेळ गेला तर साडेअकरा हजार फेऱ्या, म्हणजे जेमतेम सात मीटर. एक माणूस, एक माग. धोट्याशिवायचे नवे रेपियर किंवा एअरजेट माग धरले तर तफावत कितीतरी पटींनी वाढते.

आता दोन्ही कापडं एकाच टेबलावर ‘हँडलूम’ म्हणून ठेवा. गिऱ्हाईक स्वस्त कापड उचलणार आणि शेजारच्या हातमागवाल्याला म्हणणार, “तेच तर आहे, तुमचं एवढं महाग का ओ?” विणकराकडे या प्रश्नाला उत्तर असतं, पण शब्दच हिरावून घेतल्यावर ते ऐकणार कोण? भाव पाडावा लागतो, पुढची पिढी मागावर बसत नाही, आणि माग मोडीत निघतो.

दुसरं नुकसान यंत्रमागवाल्याचं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ भरणारा, वहिफणी करणारा म्हणजे ते धागे मागात ओवणारा, दिवसभर आवाजात उभा राहून चार-चार मागांवर नजर ठेवणारा कामगार उत्तम माल काढतो. त्याच्या मालावर दुसऱ्याच्या कामाचं नाव छापणं म्हणजे त्याचं काम सांगण्याजोगं नाही असं मानणं. सोलापूरच्या यंत्रमागाला लपवण्यासारखं काहीही नाही.

दुकानाची पाटीच ‘हँडलूम हाउस’ आहे. तीही चूक का?

दुकानाचं जुनं नाव हे नाव आहे. आक्षेप आहे तो आतल्या मालाच्या लेबलला, बिलाला आणि विक्रेत्याच्या तोंडच्या ग्वाहीला.

कापड हातात घेऊन हातमाग ओळखता येतो का?

बऱ्याच वेळा अंदाज येतो, खात्री मात्र क्वचितच. खात्री हवी तर माग बघावा लागतो किंवा लेबल तपासावं लागतं. तरी पुढच्या खुणा उपयोगी आहेत.

पहिली जागा काठ. विणताना कापड रुंदीत आकसतं, म्हणून ते ताणून धरावं लागतं. हातमागावर त्यासाठी दोन्ही टोकांना टोकदार खिळे असलेली पट्टी कापडाला अडकवतात आणि काही इंच विणून झालं की ती पुढे सरकवतात. त्यामुळे काठाजवळ बारीक भोकांचे पुंजके थांबून थांबून दिसतात, आणि दोन पुंजक्यांमधलं अंतर नेहमी सारखं नसतं. यंत्रमागावर टेम्पल नावाचे काटेरी गोल काठाजवळ कायम बसवलेले असतात आणि कापड त्यांच्यावरून सरकत राहतं. त्यांच्या खुणा काठालगत सलग, एका रेषेत उमटतात. धुलाई, इस्त्री आणि फिनिशिंगनंतर दोन्ही खुणा पुसट होतात. म्हणून ही तपासणी कोऱ्या कापडावर आणि उजेडासमोर धरून करावी.

काठाची दुसरी खूण आडव्या धाग्याची. तो काठाशी वळून परत आत जात असेल तर माग धोट्याचा आहे, एवढंच कळतं. धोटा हातमागालाही असतो आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रमागालाही. इथेच पुष्कळ जण फसतात आणि ‘काठ बांधीव आहे, म्हणजे हातमाग’ असं ठरवून टाकतात. उलट बाजूने मात्र ही खूण पक्की आहे : आडव्या धाग्यांची कापलेली टोकं काठाला झालरीसारखी दिसत असतील, किंवा टोकं आत मुडपून घातलेली असतील, तर कापड धोट्याशिवायच्या आधुनिक मागावरचं आहे. ते हँडलूम असण्याचा प्रश्नच येत नाही. एक काळजी घ्या : मोठ्या पन्ह्यातून मधोमध कापलेलं किंवा कडा शिवलेलं कापड असेल तर मूळ काठ शिल्लकच नसतो.

तिसरी खूण घट्टपणाची. एक इंचाचं भिंग घ्या, कापडावर लांबीच्या दिशेने पाच वेगवेगळ्या जागी आडवे धागे मोजा. यंत्रमागावर कापड गुंडाळणारी दातेरी चाकं दर फेरीला सारखंच कापड ओढतात, म्हणून आकडे जवळजवळ एकच येतात. माग बंद पडून पुन्हा सुरू झाला तिथे मात्र एखादी विरळ किंवा दाट पट्टी पडते. हातमागावर आडवा धागा दाबून बसवणारा ठोका हाताचा असतो, त्यामुळे घट्टपणा हळूहळू बदलतो. सकाळचं आणि संध्याकाळचं विणणं सारखं नसतं. पण मुरलेल्या विणकराचा हात इतका सारखा चालतो की ही चाचणी त्याच्यापुढे हरते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

खडबडीत आहे, मधे मधे गाठी आहेत. हे तर हातमागाचंच लक्षण ना?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे. गाठी आणि जाड-बारीकपणा सुतात असतो, तो मागाने येत नाही. स्लब नावाचं सूत गिरणीत मुद्दाम जाड-बारीक काढतात, आणि त्याचं कापड यंत्रमागावर बिनदिक्कत विणलं जातं. तेच ‘रॉ हँडलूम लुक’ म्हणून विकलं जातं. जाडेपणा सुताच्या नंबरावर ठरतो : एक पौंड सुतात ८४० यार्डाच्या जितक्या लडी बसतील तो नंबर. १० नंबर जाड, ४० नंबर बारीक, ८० त्याहून तलम. हातमागावर उत्तम तलम कापड निघतं आणि यंत्रमागावर गोणपाटासारखं जाडही निघतं. कापडातले दोष म्हणजे हातकाम, ही समजूत तर चांगल्या विणकराचा अपमान आहे.

धागा जाळून बघितला तर कळेल का?

जाळल्यावर धागा सुती, रेशमी की कृत्रिम हे कळतं. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. मागाबद्दल काहीच कळत नाही.

टेरी टॉवेलवरही ‘हँडलूम’ लिहिलेलं असतं. ते?

सोलापूरचा टेरी टॉवेल यंत्रमागाचा. दोन बीम लागतात, एक ताणलेला आणि एक सैल. सैल बीमच्या धाग्यांचे ते लूप होतात. बाजारातल्या टेरी टॉवेलवर ‘हँडलूम’ दिसलं तर माग कुठे आहे ते विचारा.

खादी आणि हँडलूम एकच का?

नाही. खादीला दोन अटी आहेत : सूत हातानं कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं. हँडलूमला फक्त दुसरी अट. गिरणीचं सूत हातमागावर विणलं तर हँडलूम झालं, खादी नाही झाली. हातसूत यंत्रमागावर विणलं तर दोन्ही नाही. ‘खादी प्रिंट’, ‘खादी कॉटन’, ‘खादी लुक’ ही नावं बहुतेक वेळा या दोन अटींना बगल देण्यासाठीच काढलेली असतात. खादी मार्क बघा.

हँडब्लॉक प्रिंट, हँडवर्क, हँडमेड हेही हँडलूमच ना?

ठसा हाताने उमटवला, भरतकाम हाताने केलं किंवा शिवण हाताने घातली, तर ते काम हाताचं आहे आणि त्याचा मान त्या कारागिराचा. खालचं कापड बहुधा गिरणीचं किंवा यंत्रमागाचं असतं. कोणतं काम हाताने झालं ते वेगळं लिहावं.

हँडलूम मार्क, सिल्क मार्क, जीआय : कोणतं चिन्ह कशाची हमी देतं?

हँडलूम मार्क ही केंद्र सरकारची योजना २००६ ची. कापड हातमागावर विणलेलं आहे, एवढीच आणि नेमकी तीच हमी हा मार्क देतो. उभ्या-आडव्या धाग्यांच्या गुंफणीतून तयार झालेला घन हे त्याचं चिन्ह आहे. २०१५ साली ७ ऑगस्टला, पहिल्या राष्ट्रीय हातमाग दिनी, इंडिया हँडलूम ब्रँड सुरू झाला. त्यात हातमागासोबत दर्जाच्याही अटी आहेत.

सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. माग कोणता, याबद्दल तो काहीही सांगत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क मिळतो. साडी घेताना ‘सिल्क मार्क आहे, म्हणजे हँडलूमच’ असं ऐकू आलं तर तिथेच थांबा.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना ते आहे. त्याचा अर्थ, या नावाचा माल या प्रदेशातला आणि ठरलेल्या गुणांचा असला पाहिजे. ते गावाचं प्रमाणपत्र आहे, हातमागाचं नव्हे. बाहेरगावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकणं हा वेगळा गुन्हा आहे. १९९९ च्या कायद्यात खोट्या भौगोलिक नावाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

चादरी हातमागासाठी राखीव आहेत म्हणतात. मग यंत्रमागावर विणणं बेकायदा का?

१९८५ च्या कायद्याखाली ११ प्रकारच्या वस्तू हातमागासाठी राखीव आहेत. त्यांत साडी, धोतर, लुंगी, टॉवेल-पंचा, चादर-पलंगपोस, सतरंजी, घोंगडी, शाल हे प्रकार येतात. पण प्रत्येक प्रकाराला धागा, वीण, काठ, मापं यांचे तपशील जोडलेले आहेत, आणि त्या तपशिलात बसणारा मालच राखीव असतो. त्यामुळे यंत्रमागावरची प्रत्येक चादर बेकायदा ठरत नाही. खोटं लेबल मात्र कुठल्याच तपशिलाने खरं होत नाही.

दुकानदार म्हणतो, “प्युअर हँडलूम आहे ओ, डोळे झाकून घ्या.” काय विचारावं?

आधी साधा प्रश्न : “माग हाताचा का लाइटचा?” सोलापुरात हा प्रश्न लगेच कळतो आणि अनेक दुकानदार तिथेच खरं सांगतात, कारण पुष्कळदा त्यांचाही हेतू फसवण्याचा नसतो, सवयीने शब्द तोंडात बसलेला असतो. पुढे विचारा, कुठल्या गावात विणलं, हँडलूम मार्क आहे का. शेवटी म्हणा, “बिलावर हातमाग असं लिहून द्या.” या शेवटच्या वाक्यावर सूर बदलला तर उत्तर मिळालं.

आणि एकाच रंगाच्या, एकाच नक्षीच्या, तंतोतंत एकाच मापाच्या शेकडो चादरी रचून ठेवलेल्या असतील, भावही यंत्रमागाचाच असेल, तर फार तपासत बसण्याची गरज नाही.

ऑनलाइन खरेदीत कसं ओळखावं?

शीर्षकातल्या ‘हँडलूम’वर जाऊ नका, तपशिलाचा रकाना उघडा. तिथे ‘विणण्याची पद्धत’ रिकामी असेल किंवा ‘मशीन मेड’ असेल तर उलगडा झाला. काठाचा जवळचा फोटो मागा. ऑर्डर देण्याआधी पानाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रार गेल्यावर वर्णन बदलतं.

फसवणूक झाली. तक्रार कुठे?

बिल, लेबल, जाहिरातीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट आणि कापड हे न धुता एकत्र ठेवा. आधी दुकानदाराला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण तारीख दिसली पाहिजे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. त्यावरही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

तक्रारीत ‘माल खराब आहे’ असं लिहू नका. माल चांगला निघाला तर तक्रार तिथेच पडते. ‘हातमागाचा म्हणून विकला, प्रत्यक्षात यंत्रमागाचा आहे’ असं लिहा.

आम्ही कारखानदार आहोत. लेबलवर काय छापावं म्हणजे खरंही राहील आणि खपेलही?

असं छापा : ‘सोलापुरी जेकार्ड चादर. दुहेरी वीण, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. १००% सुती. ६० × ९० इंच.’ खाली वजन ग्रॅममध्ये, रंग पक्का असल्यास तसं, धुण्याची सूचना, आणि ‘यंत्रमागावर विणलेली, सोलापूर’. जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद असेल तर तेही लिहा, नसेल तर ती नोंद करून घ्या. गिऱ्हाइकाला वजन, माप आणि धागा कळला की तुलना करता येते, आणि त्या तुलनेत सोलापूरची चादर सहसा मागे पडत नाही. सुतात पॉलिस्टर मिसळलं असेल तर टक्केवारी लिहा. ‘कॉटन’ शब्दाचंही तेच झालंय जे ‘हँडलूम’चं झालं.

जुनी लेबलं हजारांनी छापून पडली असतील तर ‘हँडलूम’ शब्दावर नवी पट्टी चिकटवा. पुढच्या छपाईची वाट बघू नका.

हातमागालाच मोटार लावून जेकार्ड उचलला, पण धोटा आणि ठोका हाताचा. मग?

यावर विणकरांमध्येच दोन मतं आहेत. विणकराच्या गुडघ्यांचा आणि कमरेचा त्रास कमी होतो म्हणून असं साधन आम्हाला वाईट वाटत नाही. पण धोटा आणि ठोका यांपैकी एकही विजेवर गेला की तो हातमाग राहत नाही, असं आमचं ठाम मत आहे. मधल्या स्थितीत विक्रेत्याने जे आहे ते सांगावं : ‘हाताने विणलेलं, नक्षी उचलायला मोटार’.

सोलापुरात खरं हातमागाचं काम बघायला, घ्यायला मिळतं का?

मिळतं, पण शोधावं लागतं. भिंतीवर लावायची चित्रं, म्हणजे वॉल हँगिंग, हे इथल्या हातमागाचं नावाजलेलं काम आहे. त्यात देवदेवता, निसर्गदृश्यं, माणसांचे चेहरेसुद्धा धाग्यांत विणले जातात. ऑर्डर देताना स्पष्ट, उजेडातला फोटो द्या, माप आणि रंगांची संख्या आधी ठरवा. रंग वाढले की कांड्या वाढतात आणि वेळही वाढतो. आधीचं काम मागून बघा. विणलेल्या चित्रात रंग धाग्यातच असतो आणि मागच्या बाजूला त्याचे धागे फिरलेले दिसतात, तर छापलेल्या कापडाची पाठ फिकी आणि सपाट असते. शक्य असेल तर मागावर काम चालू असताना जा. विणकर नाही म्हणत नाहीत, फक्त जाण्याआधी फोन करा, कारण ताणा, म्हणजे उभे धागे, भरण्याच्या दिवशी विणकाम बंद असतं.